‘सरकार विरुद्ध’मध्ये आपलं माणूस कुठे? पीडिताचे हक्क आणि घटना

पागोळी (धागाकर्ती)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. परवा काकूची साक्ष झाली आणि रात्री झोप लागेना, म्हणून आता लिहितेच. लांबलं तर सांभाळून घ्या.

काकू सत्तरीची. भरदुपारी एकाने घरात शिरून तिला ढकललं, मनगट मोडलं, अंगावरचं सोनं ओरबाडून नेलं. माणूस ओळखीतला, त्यामुळे चार दिवसांत सापडलाही. तपासाबद्दल माझी तक्रार नाही. पोलिसांनी धावपळ करून मंगळसूत्र आणि एक पाटली परत मिळवली. परत म्हणजे त्यांना मिळाली, आम्हाला नाही. ती अजून मुद्देमालात आहे.

आता परवाचं. नायकाने (कोर्टाच्या शिपायाने) पुकारा केला, "सरकार विरुद्ध..." आणि पुढे त्या माणसाचं नाव. काकू उठली. मी म्हटलं, बस जरा, तर म्हणे, "अगं, माझंच आहे ना?" होतं तिचंच, पण नावात ती नव्हती. आत गेलो. आरोपीला पिंजरा आहे, त्याच्या वकिलाला टेबल आहे, सरकारी वकिलांना टेबल आहे, साक्षीदाराला कठडा आहे. काकू दाराशी उभी राहून आपण कुठे बसायचं ते शोधत होती. तेवढ्यात निरोप आला की पंच आज हजर आहे, आधी त्याची साक्ष होणार, तुम्ही साक्षीदार आहात, तोवर बाहेर थांबा. ज्याने ढकललं तो आत बसून शब्दन् शब्द ऐकतोय आणि जिला ढकललं ती बाहेर व्हरांड्यात. नियम का आहे ते मला कळतं. साक्षीदाराने दुसऱ्याची साक्ष ऐकू नये. पण काकूला काय सांगू?

मग तिचा नंबर लागला. लाखेचं सील तोडून कापडी पाकिटातून मंगळसूत्र काढलं, तिच्या हातात दिलं. "हेच का?" "हेच." आणि तिने मूठ मिटली. मुद्दाम नाही हो, आपसूक. कारकून हात पुढे करून उभा. ती सोडेना. शेवटी न्यायाधीशच हळू आवाजात म्हणाले, "आजी, द्या." तिने दिलं. ते पुन्हा पाकिटात गेलं.

अजून एक. त्याला जामीन झाल्याचं आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. एका संध्याकाळी तो जिन्यात समोर आला तेव्हा कळलं.

प्रश्न एवढाच. आपल्या घटनेत आरोपीचे हक्क कलमवार लिहिलेले आहेत. काकूचे कुठे आहेत? नसतील तर असावेत का?

---

दुपारउन्ह

मूठ मिटल्याचं वाचून पुढे वाचवेना. वाचतेय, लिहा.

---

काळा_कोट

मी बचाव पक्षाची कामं करतो, तेव्हा माझा चष्मा कोणता ते आधीच सांगून टाकतो.

घटनेचा तिसरा भाग काढून बघा. अनुच्छेद २० सांगतो की मागाहून केलेल्या कायद्याने शिक्षा नाही, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही. अनुच्छेद २२ सांगतो की अटकेची कारणं सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा. हे सगळं आरोपीचं. ‘पीडित’ हा शब्द मूलभूत हक्कांत कुठेच नाही.

याचं कारण निष्काळजीपणा नव्हे. घटना आपल्याला चोरापासून वाचवायला लिहिलेली नाही, त्यासाठी फौजदारी कायदा आहे. घटना सरकारपासून वाचवायला लिहिली आहे. मसुदा करणाऱ्या कित्येकांनी स्वतः तुरुंगवास भोगला होता, तोही खटल्याशिवाय. अनुच्छेद २२ तर जवळजवळ शेवटच्या टप्प्यात आला. आजच्या २१ व्या अनुच्छेदातून (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) ‘योग्य प्रक्रिया’ची कल्पना गाळली गेली, त्यावर टीका झाली, तेव्हा भरपाई म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये मसुद्यात १५-अ घातला. तोच पुढे २२ झाला.

फौजदारी खटला सरकार चालवतं, कारण गुन्हा समाजाविरुद्ध मानला जातो. फिर्यादीने सूड घेऊ नये म्हणून तिच्या हातून काठी काढून सरकारने आपल्या हातात घेतली. काकूंना खटल्याच्या नावाच्या पाटीवर जागा नाही ती त्यामुळे. वाईट वाटतं, पण हेतू वाईट नाही.

---

पागोळी

काळा कोट, नीट समजावलंत, आभार. पण तुमच्याच वाक्यात मला माझं उत्तर सापडतंय. काठी सरकारने घेतली ना? म्हणजे त्या क्षणापासून काकूच्या समोर सरकार उभं आहे. तिचं मंगळसूत्र सरकारकडे, तिची फाईल सरकारकडे, जामिनाला विरोध करायचा की नाही ते सरकार ठरवणार, खटला मागे घ्यायचा की नाही तेही सरकारच. मग घटना सरकारपासून वाचवायला असेल तर तिला का नको?

---

काळा_कोट

हा मुद्दा गुगली आहे. विचार करून लिहितो.

---

रोखठोक_८८

कसले हक्क न् कसलं काय. अशांना भरचौकात उलटं टांगा. आरोपीचे हक्क बंद करा, पीडिताचे आपोआप सुरू होतील.

---

मधलीओळ

रोखठोक, उलटं टांगून काकूंचं मंगळसूत्र पाकिटातून बाहेर येणार आहे का? आरोपीचे हक्क काढले म्हणून जामिनाची खबर त्यांना मिळेल का? दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. आणि आपल्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे कैदी आहेत, त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. टांगायची रांग त्यांच्यापासून सुरू होईल.

मूळ प्रश्नाकडे वळते. शब्द घटनेत नसला तरी न्यायालयांनी अनुच्छेद २१ मधून बरंच काही काढलंय. १९७९ मध्येच न्या. कृष्ण अय्यर यांनी एका अपघाताच्या खटल्यात खंत नोंदवली होती की गुन्ह्यात भरडलेल्यांकडे आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांकडे आपला कायदा बघतच नाही. १९८३ चं रुदुल शाह प्रकरण तर प्रसिद्धच. निर्दोष सुटल्यावरही माणूस १४ वर्षं तुरुंगात राहिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद ३२ खाली थेट भरपाई द्यायला लावली. १९९३ मध्ये नीलाबती बेहरा प्रकरणात कोठडीत मेलेल्या मुलाच्या आईला दीड लाख. पण नीट बघा, या दोन्ही ठिकाणी अपराधी सरकारच होतं. खासगी माणसाने केलेल्या गुन्ह्यातल्या पीडिताचा आवाज त्यामानाने फार उशिरा ऐकला गेला. २००४ मध्ये बेस्ट बेकरी खटला (२००२ च्या दंगलीतल्या हत्याकांडाचा) गुजरातबाहेर महाराष्ट्रात नव्याने चालवायला सांगताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की न्याय्य सुनावणी आरोपीइतकीच पीडिताचीही आहे.

---

ठिणगी

एक कायदा सगळे विसरताय. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने एक आख्खं प्रकरणच घातलं, पीडित आणि साक्षीदारांचे हक्क. कलम १५-अ. २६ जानेवारी २०१६ पासून लागू. त्यात लिहिलंय की न्यायालयातल्या प्रत्येक कामकाजाची, जामीन अर्जाचीसुद्धा, वेळेवर आणि बिनचूक सूचना पीडिताला मिळाली पाहिजे, आणि जामीन, दोषमुक्ती, शिक्षा, पॅरोल या प्रत्येक टप्प्यावर त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. ऑक्टोबर २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे बंधनकारक आहे, उपचार म्हणून नाही.

योगायोग बघा. काळा कोट म्हणाले तो मसुद्यातला १५-अ आरोपीचा, हा १५-अ पीडिताचा.

मी या खटल्यांत कार्यकर्ता म्हणून वीसेक वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्यात. कलम आल्याने काय बदललं ते सांगतो. पूर्वी जामिनाच्या दिवशी आम्ही धावत जायचो आणि आत सरकारी वकिलांना खुणा करत बसायचो. आता उभं राहून म्हणता येतं, "साहेब, १५-अ ची नोटीस बजावलेली नाही." आणि तारीख पुढे जाते. नेहमी नाही, पण जाते. हक्क म्हणजे माझ्या लेखी हेच. न्यायाधीशाला थांबवता येणारं एक वाक्य.

---

बिनपाण्याची

शेवटच्या वाक्याला +१.

---

पलीकडचा

पागोळी, तुमचा जिन्यातला प्रसंग वाचून चमकलो. मी राहतो त्या देशात अगदी अशाच एका भेटीतून घटनादुरुस्त्यांची लाट उसळली आहे.

१९८३ मध्ये कॅलिफोर्नियात मार्सी निकोलस या विद्यार्थिनीचा तिच्या आधीच्या मित्राने खून केला. आठवड्याभराने तिची आई थडग्यावर जाऊन परतताना एका दुकानात शिरली आणि तो समोर उभा. जामिनावर सुटला होता, कोणी कळवलं नव्हतं. तिचा भाऊ पुढे ब्रॉडकॉम कंपनीचा सहसंस्थापक झाला, त्याने पैसा ओतला आणि २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘मार्सीज लॉ’ राज्यघटनेत घातला. खबर मिळण्याचा हक्क, सुनावणीत बोलण्याचा हक्क, जामीन ठरवताना पीडिताच्या सुरक्षिततेचा विचार, नुकसानभरपाई. मग राज्याराज्यांत तीच मोहीम गेली.

आता दुसरी बाजू, कारण इथे बसून ती रोज दिसते.

मोंटाना राज्यात २०१६ मध्ये मतदारांनी मंजूर केलं, २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. एकाच प्रश्नाखाली घटनेच्या अनेक कलमांत बदल केले होते, प्रत्येकावर वेगळं मत घ्यायला हवं होतं म्हणून. पेनसिल्व्हेनियातही २०२१ मध्ये साधारण याच कारणावर पडलं. साउथ डकोटात तर गंमतच. पीडिताची माहिती गुप्त ठेवायची म्हणून पोलीस अपघात कुठे झाला तेसुद्धा सांगेनात. शेवटी २०१८ मध्ये त्यांनी दुरुस्तीचीच दुरुस्ती केली, आणि हक्क हवा असेल तर पीडिताने मागावा असं ठरवलं.

सगळ्यात तिरपागडं फ्लोरिडात झालं. गोळी झाडलेले पोलीस म्हणाले, आमच्यावर आधी हल्ला झाला, म्हणजे आम्हीच पीडित, तेव्हा आमची नावं जाहीर करू नका. प्रकरण वरपर्यंत गेलं आणि ३० नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाव लपवण्याची सरसकट हमी या तरतुदीत नाहीच, पोलिसांना नाही आणि कुणालाच नाही.

देशपातळीवर मात्र अजून जमलेलं नाही. रेगन यांच्या काळातल्या कृतिदलाने १९८२ मध्ये संघराज्याच्या घटनेच्या सहाव्या दुरुस्तीत (आरोपीचे हक्क सांगणाऱ्या) एक वाक्य जोडा असं सुचवलं होतं. ते वाक्य काही गेलं नाही. २००४ मध्ये साधा कायदा झाला.

---

काळा_कोट

पलीकडचा यांनी माझं काम हलकं केलं. माझी भीती नेमकी हीच होती. ‘पीडित’ म्हणजे कोण, हे खटला संपायच्या आधी कोणी ठरवायचं? निकाल लागेपर्यंत माझा अशील निर्दोष आहे असं कायदा धरतो. मग समोरच्या व्यक्तीला पहिल्या दिवसापासून घटनेने ‘पीडित’ म्हटलं तर निम्मा निकाल तिथेच लागला.

तरीही पागोळींच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं कबूल केलं होतं. दोन दिवस विचार केला. माझं मत थोडं सरकलंय. माझ्या अशिलाचा हक्क काढून घेणारा हक्क मला मान्य नाही, उदाहरणार्थ कागदपत्रं दाखवायला पीडिताने नकार देणं. पण कळवण्याचा हक्क? जामीन झाला हे कळवल्याने माझ्या अशिलाचं काय जातं? ऐकून घेतल्याने काय जातं? मूठभर मिनिटं. मुद्देमाल परत दिल्याने काय जातं? फोटो काढून ठेवा. यातलं प्रत्येक ओझं सरकारवर पडतं, आरोपीवर नाही. आपण हे दोन ढीग नेहमी एकत्र करतो आणि भांडत बसतो.

---

मधलीओळ

हे दोन ढीग मला फार पटले. मेक्सिकोने २००८ च्या सुधारणेत साधारण असंच केलंय. त्यांच्या घटनेच्या विसाव्या कलमाचे तीन भाग आहेत, पहिला खटल्याची तत्त्वं, दुसरा आरोपीचे हक्क, तिसरा पीडिताचे. एकाच कलमात शेजारीशेजारी. तिथे प्रत्यक्षात सगळं आलबेल आहे असं कोणी म्हणणार नाही, पण मांडणी लक्षात राहण्यासारखी आहे.

युरोपातल्या काही देशांत तर पाटीवरची जागाही मिळते. फ्रान्समध्ये पीडित दिवाणी पक्षकार म्हणून फौजदारी खटल्यातच सामील होतो, जर्मनीत काही गुन्ह्यांत सरकारी वकिलाच्या जोडीला सहअभियोक्ता होता येतं, प्रश्न विचारता येतात. आपल्याकडे पीडिताचा वकील सरकारी वकिलाला मदत करू शकतो, पण साक्षीदाराला थेट प्रश्न विचारू शकत नाही. २०१९ मध्ये रेखा मुरारका प्रकरणात तसं ठरलं. चिठ्ठी सरकवायची, बस.

---

साखरझोप

बाळबोध प्रश्न. घटनेत घालायचा अट्टाहास कशाला? कायद्यात असलं तर पुरे नाही का? घटना म्हणजे काय अडगळीची खोली आहे का, दिसेल ते आत टाकायला?

---

मधलीओळ

बाळबोध नाही, हाच कळीचा प्रश्न आहे. कायदा साध्या बहुमताने बदलतो. मूलभूत हक्काला हात लावायचा तर अनुच्छेद ३६८ ची, म्हणजे घटनादुरुस्तीची वाट, आणि हक्क मोडला तर अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालय. हा फरक कागदी नाही. गुजरातच्या बिल्किस बानो प्रकरणातल्या अकरा जणांना २०२२ मध्ये शिक्षामाफी मिळून सोडलं तेव्हा पीडित महिला अनुच्छेद ३२ खाली गेली. ८ जानेवारी २०२४ ला माफी रद्द झाली. तिच्यासाठी तिथे वेगळं पीडित-हक्काचं कलम नव्हतं, २१ आणि १४ (समानता) वरच भागवलं गेलं.

म्हणून माझं मत अर्धंमुर्धं आहे. नवं कलम आलं तर हरकत नाही, पण आजचा अडथळा कलमाच्या अभावाचा नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पीडिताची व्याख्यासुद्धा नव्हती, ती ३१ डिसेंबर २००९ पासून आली. त्याच दिवशी निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करण्याचा हक्क आला, भरपाई योजना आली, स्वतःचा वकील नेमायची मुभा आली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मल्लिकार्जुन कोडगली निकालाने त्या अपिलासाठी आधी परवानगी घ्यायची अट नाही असं सांगितलं. एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खीरी प्रकरणात (आंदोलक शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला ऐकून घेतलं जाण्याचा हक्क आहे. आणि त्यातल्या आरोपीचा जामीन रद्द का झाला माहितेय? इतर कारणं होतीच, पण उच्च न्यायालयातल्या ऑनलाइन सुनावणीत पीडितांच्या वकिलांचा संपर्क तुटला, आणि पुन्हा ऐका म्हणून केलेला अर्ज तसाच राहिला. एका तुटलेल्या इंटरनेटवरून एवढा मोठा हक्क उच्चारला गेला.

एक फट मात्र अजून आहे. शिक्षा कमी झाली म्हणून पीडिताला अपील करता येत नाही. निर्दोष सुटका, हलक्या कलमाखाली दोषी, किंवा अपुरी भरपाई, एवढ्याच तीन कारणांवर. शिक्षा कमी वाटली तर सरकारच्या दारात.

---

बोरू

नमस्कार. उशिरा आलो. अठ्ठावीस वर्षं कोर्टात काढली, शेवटी शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो. पागोळीताई, तुमच्या काकूंपुढे हात धरून उभा राहिलेला तो कारकून मीच असू शकलो असतो. असं उभं राहणं फार जड जातं हो. पण मुद्देमालाची नोंद कारकुनाच्या सहीवर असते, एक मणी कमी भरला तर नोकरी जाते.

घटनेचं थोरांनी बघावं. मी कामाचं बोलतो. त्या जुन्या संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय. तेव्हा आधी सांगा, गुन्हा त्या तारखेच्या आधीचा की नंतरचा?

---

पागोळी

नंतरचा आहे, काका. आरोपपत्र नव्या संहितेखालीच आहे.

---

बोरू

मग बरं झालं. ऐका.

मुद्देमाल. हे पहिलं, कारण तुमचा धागा तिथेच अडकलाय. २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की मौल्यवान वस्तू महिनोन् महिने ठाण्यात कुजवू नका, पंधरा दिवस ते महिना, त्याहून जास्त नाही. पंचनामा करा, फोटो घ्या, बंधपत्र घ्या, देऊन टाका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने तर मुदतच घातली. मुद्देमाल कोर्टापुढे आल्यापासून चौदा दिवसांत यादी, मग फोटो किंवा चित्रीकरण, आणि यादीनंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम. तो फोटोच पुरावा म्हणून चालतो. तुमचं मंगळसूत्र पाकिटात राहायचं आता काही कारण नाही, विशेषतः काकूंनी ओळखून झाल्यावर. अर्ज साधा असतो. वस्तूचं वर्णन, गुन्हा रजिस्टर नंबर, मालकीचा कागद असला तर जोडा, नसला तर जुना लग्नकार्यातला फोटो चालतो, ज्यात ते गळ्यात दिसतंय. वस्तू मोडणार नाही, बदलणार नाही, कोर्टाने मागितल्यावर हजर करीन, अशा सुपूर्तनाम्यावर सही. सरकारी वकिलाचं म्हणणं मागवतात. आरोपीने ‘ते माझं’ म्हटलं नसेल तर सहसा कोणी आडवं येत नाही.

कोर्टात अर्ज कोणी करत नाही, म्हणून पाकिटं पडून राहतात. माझ्या वेळी एका कपाटात लग्नाच्या अंगठ्याच सतरा होत्या. बायका वारल्या, खटले चालूच.

वकील. काकू बाई आहेत, म्हणजे विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बरेच लोक समजतात की मोफत वकील फक्त आरोपीला. चूक. त्या वकिलाने कोर्टाच्या परवानगीने मूळ फिर्यादीतर्फे वकीलपत्र दाखल केलं की कागदपत्रं मिळवणं सोपं जातं. नव्या संहितेच्या कलम २३० मध्ये आता आरोपपत्राची प्रत पीडितालाही द्यायची तरतूद आहे, पण वकील असेल तरच. ही अट मला तरी उलटी वाटते. ज्याच्याकडे वकील नाही त्यालाच कागद जास्त हवे.

भरपाई. त्याच प्राधिकरणात कलम ३९६ चा अर्ज. शिक्षा होण्याची वाट बघायची नसते. आरोपी सापडलाच नाही तरी मिळू शकते. चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची असं कलमातच आहे. मनगटाचे दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

आणि खबर. तपास चालू असताना नव्वद दिवसांत प्रगती कळवायची जबाबदारी कलम १९३ ने तपास अधिकाऱ्यावर टाकलीय, व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा चालतं. सरकारने खटला मागे घ्यायचं ठरवलं तर कलम ३६० प्रमाणे पीडिताला ऐकावंच लागतं. पण जामिनाची आपण होऊन खबर द्यायची सक्ती सगळ्या गुन्ह्यांत नाही. ठिणगीसाहेबांच्या कायद्यात आहे, काही बलात्काराच्या कलमांत फिर्यादी हजर पाहिजे असं आहे, बाकी लखीमपूरच्या निकालावर बोट ठेवावं लागतं. म्हणून अर्ज देऊन ठेवा की पुढे आरोपीचा कुठलाही अर्ज आला, जामिनाच्या अटी शिथिल करण्याचाही, तर आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम करू नये. तो अर्ज फाईलला लागला की रोजनाम्यात नोंद होते. आणि सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर घेऊन ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर खटला जतन करून ठेवा. तारीख निदान फोनवर दिसेल.

---

दुपारउन्ह

बोरूकाका, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका ना. कितीजणांना उपयोगी पडेल.

---

रोखठोक_८८

काका, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या भावाच्या गाडीचा मुद्देमाल तीन वर्षं ठाण्याच्या आवारात आहे, आत झाड उगवलंय. व्यनि करतो.

---

ठिणगी

झाड उगवलंय 😀 हसू नये पण आलं.

बोरूकाकांच्या शेवटच्या परिच्छेदावर माझं बोट. ‘सगळ्या गुन्ह्यांत नाही’ हेच ते. एका कायद्यात जी नोटीस बंधनकारक, दुसऱ्यात ती मेहेरबानी. पीडिताचं दुखणं कलमाप्रमाणे बदलतं का? घटनेत फक्त एक ओळ घाला, बाकी काही नको. ज्याच्यावर गुन्हा झाला त्याला कळवलं जाईल आणि ऐकलं जाईल. काळा कोट, यात तुमच्या अशिलाचं काही जात नाही, बरोबर?

---

काळा_कोट

‘ज्याच्यावर गुन्हा झाला’ऐवजी ‘ज्याची तक्रार आहे’ लिहा. मग सही करतो.

---

साखरझोप

ओळ लिहिली की फोन कोण करणार? संयुक्त राष्ट्रांनी १९८५ मध्येच जाहीरनामा काढलाय, पीडितांना माहिती द्या, आदराने वागवा. चाळीस वर्षं झाली. न्यूझीलंडने सरकारी भरपाईचा कायदा १९६३ मध्ये केला. कागदाला तोटा नाही कुठे. माझ्या मते कलमात हक्क लिहिण्याऐवजी कोणाचं कर्तव्य ते लिहा. ठाण्यातला अमुक हुद्द्याचा माणूस इतक्या तासांत कळवेल, आणि नाही कळवलं तर हुकूम कच्चा.

---

मधलीओळ

साखरझोप, तुम्ही अडगळीची खोली म्हणत आत शिरलात आणि माळा आवरून दिलात. सहमत.

---

पागोळी

सगळ्यांचे आभार. काही दिवस आले नाही, कारण धावपळीत होते.

मोफत वकील मिळाल्या, तरुण आहेत, पण चटपटीत. ४९७ चा अर्ज टाकला. काकूच्या गळ्यातलं दिसेल असा फोटो शोधताना आख्खा दिवस गेला. सगळ्या फोटोंत पदर वर. शेवटी काकांच्या साठीचा एक सापडला, त्यात ती ओवाळायला वाकलीय आणि मंगळसूत्र पुढे लोंबतंय. तो जोडला. सरकारी वकिलांनी अर्जावर ‘हरकत नाही’ लिहून दिलं. आरोपीच्या वकिलांनीही. काळा कोट, ते तुम्ही नव्हतात ना?

दुसरा अर्जही दिला, आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम नको म्हणून. त्यावर न्यायाधीशांनी विचारलं, "कोणत्या तरतुदीखाली?" वकीलबाईंनी लखीमपूरचा निकाल पुढे केला. त्यांनी तो वाचायला ठेवून घेतला. त्यावर हुकूम पुढच्या तारखेला.

पुकारा अजून तोच आहे. पण या वेळी वकीलबाईंनी काकूला आत बोलावून आपल्या खुर्चीशेजारी बसवलं. तिची साक्ष झाली असल्यामुळे आता आत बसायला कोणाची ना नाही. ती पर्स मांडीवर घेऊन ताठ बसून होती, आणि निघताना मला म्हणाली, "तो पंखा फार आवाज करतो गं, काही ऐकू येत नाही."

---

बोरू

तो पंखा माझ्या वेळेपासूनचा आहे. बंधपत्राला कागद कोणता लागेल ते आधी विचारून घ्या, नाहीतर त्यासाठी आणखी एक तारीख पडेल.